राऊतभाऊंचा बांबू

राऊतभाऊ गेल्याचं मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. खाली साहेबांचा मेसेज : 'वेळेचं भान असलेला कर्मचारी हरपला.' थू! ह्याच भानापायी ह्याच साहेबांनी त्यांना मेमोवर मेमो दिले होते...

डहाणूच्या कचेरीत आम्ही बरोबर होतो. तलासरीकडच्या एका ओढ्यावर पूल होत होता; राऊत तिथे सुपरवायझर, मी इकडे बसून अहवाल भरणारा. पुलाच्या खांबाशेजारी त्यांनी एक बांबू रोवला होता. दर शनिवारी, मूळ वेळापत्रकाप्रमाणे खांब जिथवर यायला हवा तिथे लाल रेघ आणि खरा जिथवर आलाय तिथे चुन्याची. पलीकडच्या पाड्यावरची जेठीबाई यायची, विचारायची, "भाऊ, पांढरी लालला कवा गाठेल? ओढा भरला का पोरांची शाळा बंद."

साहेबांची अक्कल निराळी. काम मागे पडलं की ते तारीखच पुढे ढकलायचे. काय तर म्हणे, 'सुधारित वेळापत्रक'! वाढलेल्या खर्चालाही तेच औषध, 'सुधारित अंदाजपत्रक'. मग कंप्युटरवर सगळं हिरवंगार. एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "राऊत, तुमचा बांबू आपल्या सिस्टिमशी जुळत नाही."

"साहेब, बांबू ओढ्यात उभा आहे. तुमची सिस्टिम कुठे उभी आहे?"

आम्ही सगळे लाळघोटे माना खाली घालून बसलो. बांबू उपटायला मलाच पाठवलं, आणि मी तो मुकाट्याने उपटला. राऊत बांबू खांद्यावर टाकून आशागडला घरी घेऊन गेले. पुढे निवृत्त झाले. पूल तसाच राहिला, अहवाल हिरवाच.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. पडवीत बांबू उभा होता. लाल रेघ केव्हाच शेंड्याला पोचलेली. पांढरी मात्र छातीएवढ्या उंचीवर, एकाच जागी चुन्याचे हात चढून चढून जाड झालेली. "दर शनिवारी एसटीने पूल बघायला जायचे," वहिनी म्हणाल्या, "आणि आल्यावर तिथेच पुन्हा ब्रश फिरवायचे. मी हसायचे हो त्यांना..." मला हसू आलं नाही. स्वतःची किळस आली.

बांबू मागून घेतला. परवाच्या शनिवारी जाऊन ओढ्यात, त्याच जागी रोवला. जेठीबाई काठावर येऊन बघत होती.

"तुमीच उपटलेला ना?"

"हो, मीच."

मी चुन्याचा डबा उघडला आणि भाऊंच्या रेघेवर, त्याच जागी, आणखी एक हात दिला.