खाडाखोडीवरची सही

"आता कुठं चुकलं ते एकदाच सांगून टाका, मामंजी. खेपा घालून पाय मोडले माझे."

खिडकीच्या आत कोर्टाचा रजिस्ट्रार, बाहेर त्याची सून. लेक कामासाठी परमुलखात गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. वर्षं उलटली. नवरा मेला असं कोर्टानं जाहीर करावं, असा तिचा अर्ज होता. एक भला माणूस तिच्यासाठी थांबला होता, आणि तेही तिनं सासू-सासऱ्यांपासून लपवलं नव्हतं.

अर्ज दाखल करून घ्यायचा की त्रुटी काढून माघारी धाडायचा, हे रजिस्ट्रारच्या हातात. म्हाताऱ्यानं तो हात सैल सोडलाच नाही. एकदा समास कमी म्हणून, एकदा पानांना आकडे नाहीत म्हणून, एकदा तर शाई फिकी म्हणून कागद परत केले. घरचं प्रकरण आहे, मी बघतो, असं हाताखालचा कारकून म्हणाला तर त्याच्यावर खेकसला. साहेबांना हल्ली कागदाचा वासही चालंना, असं कारकून पाठीमागं म्हणायचा. कारण एवढंच, की अर्जाला नंबर पडेपर्यंत म्हाताऱ्याच्या लेखी पोरगा जिता होता.

आज मात्र चूक सापडेना. त्यानं पानं उलटीसुलटी केली. मग एका ओळीवर बोट थांबलं. 'माझे पती गवंडीकाम करतात.'

करतात.

माघारी धाडायला एवढं रग्गड होतं. त्यानं कागद फिरवून तिच्यापुढं सरकवला. तिनं वाचलं, आणि तिची मान वर होईना.

"माझ्या हातानंच लिहिलंय," ती म्हणाली. "ध्यानातच आलं नाही."

"दर खेपेला वाचलं मी हे, पोरी. मलाही कधी चूक वाटली नाही."

त्यानं आपलं पेन तिला दिलं. तिनं 'करतात' खोडून वर 'करीत होते' लिहिलं. खाडाखोडीशेजारी रजिस्ट्रारची सही नसली तर दुरुस्ती धरत नाहीत. त्यानं सही केली. ती वाकडी आली. मग नोंदवहीत ओळ लिहिली, अर्जावर नंबर घातला, शिक्का मारला.

"सासूला तू काही बोलू नको," तो म्हणाला. "मी सांगीन."

ती गेली. रांगेतल्या पुढच्या माणसानं कागद आत सारले. रजिस्ट्रारनं चष्मा पुसला आणि पहिलं पान वाचायला घेतलं.