ताईने मला सोबत नेलं नाही

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी जऊळक्याच्या शाळेत मुलांची हजेरी घेत होते. “ताई गेली तुयी…” एवढंच ते बोलू शकले. महिना होत आला त्याला.

विमलताई माझी थोरली बहीण, आमच्या घरातली पहिली प्राध्यापक. राहायची कामरगावला, कारंज्याला मानसशास्त्र शिकवायची. घंटेपाठोपाठ खाणं मिळायची सवय लागली की कुत्र्याला पुढे नुसत्या घंटेनंही लाळ सुटते, हा धडा ती एस.टी. स्टँडवरच्या चिंचवालीची हाक हुबेहूब काढून शिकवायची. वर्गाच्या तोंडाला पाणी सुटलं की म्हणायची, “पाहा, तुमाले न विचारता शरीर शिकून बसलं.”

मागच्या वर्षी तिला कॅन्सर झाला. अकोल्याला केमो सुरू झाली. दोन-तीन खेपांनंतर सुई लांबच राहिली, गाडी दवाखान्याच्या रस्त्याला वळली तरी तिला उमासे येऊ लागले. भाऊजी घाबरले. ताईला मात्र काय होतंय ते नेमकं कळलं होतं. केमोच्या दिवशी ती आवडीचं काही खायची नाही. नावडती बिस्किटं न्यायची, त्यांचा कायमचा वीट आला तरी चालेल म्हणून. आणि मला सोबत येऊ द्यायची नाही. मी रडले, भांडले. “सख्खी बहीण हावो मी. काहून असं करून राह्यली तू?”

ताई म्हणाली, “उलटीसंग तुयं तोंड जोडल्या गेलं तं? उद्या तू दारात दिसली अन् माह्यं पोट ढवळलं, तं मी पाहू कोणाकडं?”

“अन् भाऊजी?”

“त्यायले बी बाहेरच बसवतो मी.”

मग मी हट्ट सोडला. पोट निवळलं की तिचा फोन यायचा, “आता ये.” आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून भाकर आणि अंबाडीची भाजी खायचो. ती सावकाश खायची, पण चवीनं.

शेवटी उपचार थांबवले. पाणीही पोटात टिकेना. मी गेले आणि धास्तीनं दारातच थबकले. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला.

“ये ना… काही नाही होऊन राह्यलं.”

परवा कामरगावला उतरले. घराच्या वळणावर मला कडकडून भूक लागली. त्या भुकेची लाज वाटली, रडूही आलं. भाऊजींना सांगितलं. ती गेल्यापासून शेजारचा डबा खाऊन राहिलेल्या त्या माणसानं उठून स्वयंपाकघराचं दार उघडलं.