पिकपची खांदशेकणी

माझ्या पिकपला मी एकदा नवा आवाज बसवला होता. खरं तर बसवली होती ती इंजिनाला हवा ओढायची नवी नळी, आणि तिच्या टोकाला शंकूसारखा लाल फिल्टर. दुकानात मी ताकद वाढते का, डिझेल वाचतं का, असं सगळं शहाण्यासारखं विचारलं. पण मला हवा होता तो आवाज. आज हे कबूल करायला माझी हरकत नाही.

त्यालाही कारण होतं. मी महागाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि माल वाहते. सोयाबीन, कापूस, तूर, लग्नसराईत मांडवाचे बांबू. गाडी माझी, लायसन माझं, स्टेअरिंगचे घट्टे माझ्या हाताला. तरी अडतीसमोर गाडी उभी केली की हमाल आधी माझ्या बाजूच्या सीटवर बसलेल्या बाबांकडे बघणार. बाबा नसले तर गाडीला एक फेरी मारून येणार आणि मलाच विचारणार, "ड्रायव्हर कोठं गेला, बाई?" चार वर्षं हा एकच प्रश्न ऐकला. मी रागीट आहे हे गावाला माहीत आहे. एकाला मी म्हटलं होतं, "बोनेटखाली झोपला हाये, उठवू का?" त्यानं खरंच बोनेटकडे पाहिलं.

बाबांनी तीस वर्षं पांढरकवड्याहून हैदराबादच्या लाइनवर ट्रक चालवला. त्या ट्रकांच्या घरघरीत त्यांचे कान गेले. आता त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून गाडीत बसले की डॅशबोर्डवर तळवा ठेवतात आणि इंजिन हातानं ऐकतात. त्यांच्या लाइनीत एक रीत होती. तोंडानं कोणी कोणाला शाबासकी देत नसे. जोडीदाराच्या हाती गाडी देऊन जुन्या ड्रायव्हरनं शेजारी डोळा मिटला, की तो जोडीदार ड्रायव्हर झाला असं समजायचं. ही गोष्ट बाबांनीच मला लहानपणी सांगितली होती, आणि ती सांगून त्यांनी माझं चांगलंच नुकसान केलं. कारण चार वर्षांत त्यांनी माझ्या शेजारी एकदाही डोळा मिटला नव्हता. महागावला जा की नागपूरला, ताठ बसलेले. उजवा पाय चटईवर, आणि समोर म्हैस आली की तो पाय तिथं नसलेला ब्रेक दाबायचा. मला ती एक झोप हवी होती. बाकी काही नको होतं.

ती काही मागून मिळत नाही. म्हणून निदान आवाज तरी.

फिल्टर मी माझ्या हातानं बसवला. हवेच्या फिल्टरचा कंपनीचा जुना काळा डबा काढला आणि बाबांच्या शिस्तीप्रमाणे गोणपाटात गुंडाळून सीटमागे टाकला. गाडीतून निघालेली वस्तू गाडीतच ठेवायची, हाही त्यांच्या लाइनीचाच नियम. मग बाबांना शेजारी बसवलं, गाडी सुरू केली आणि गावातून एक चक्कर मारली. पाय दाबला की इंजिन घसा खाकरून श्वास ओढायचं, पाय सोडला की जोरात फुस्स करायचं. पानठेल्यावरची सगळी डोकी वळली. मी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि हसले. खोटं कशाला सांगू, मला फार भारी वाटत होतं.

"ताकद वाढली, बाबा!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

त्यांनी डॅशबोर्डवर तळवा दाबून धरला. "मले तं हाताले काई लागून नाई राह्यलं."

"आवाज तं आयका!"

"आवाजानं माल चढते का? कंपनीवाल्यानं तिचं नाक बाहेरच्या थंड्या हवेकडं ठेवलं होतं. तू थे चुलीवर आणून ठेवलं."

मी चिडले. पण त्यांचं चुकत नव्हतं. उघडा फिल्टर बोनेटच्या आत, तापलेल्या इंजिनाशेजारी बसला होता आणि तीच गरम हवा ओढत होता. आमच्या भागातल्या उन्हात बोनेटखाली काय धग असते ते हात लावणाऱ्यालाच कळतं. चढाला जो गिअर आधी लागायचा तोच आताही लागत होता. डिझेलही तेवढंच जात होतं. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण मी कबूल करणार नव्हते.

मग पोळा आला. आमच्याकडे आता बैल नाहीत, पण पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी बाबांनी सोडली नाही. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे, तसं आता पिकपच्या बोनेटला चोळतात. पूर्वी जुवाला आणि बैलगाडीला जवसाचं तेल लावायचे, ते आता हौद्याच्या लाकडी फळ्यांना लावतात. ओझं जो वाहतो त्याचा खांदा आज शेकायचा, एवढा साधा हिशेब. मला ही रीत आवडते. त्या दिवशी गाडी धुताना मी लाल फिल्टरही धुतला. तो कापसाच्या जाळीचा असतो आणि धुतल्यावर त्याला त्याचं खास तेल लावावं लागतं. ती बाटली मी केव्हाच संपवली होती. वाटीत जवसाचं तेल उरलं होतं. म्हटलं, कापूस आमचा, जवस आमचं, सण आमचा. बोटांनी छान चोळून लावलं, अगदी मायेनं.

आता यात गंमत अशी, की जवसाचं तेल वाळतं हे मला माहीत होतं. वाळून त्याची साय धरते आणि ती घट्ट होते, म्हणून तर ते लाकडाला लावतात! दरवर्षी फळ्यांवर मी हेच बघते. पण सणाच्या भरात अक्कल हौद्यात राहिली.

महिन्याभरानं सोयाबीन निघालं. शेजारच्या शेतात मळणी चालू होती आणि मी गाडी चालू ठेवूनच मशीनशेजारी पोती भरून घेतली. भुसा असा उडत होता की समोरचा माणूस दिसत नव्हता. माल गच्च भरला, बाबा बाजूला बसले आणि आम्ही महागावला निघालो. वाटेत एक लांब चढ आहे. त्याच्या मध्यावर गाडीनं दम सोडला. पाय पूर्ण दाबलेला, आणि गाडी मुंगीच्या चालीनं. आरशात काळा कुट्ट धूर, आणि त्या धुरातून हॉर्न वाजवणारा एक ट्रॅक्टर.

मी हँडब्रेक ओढला, गिअरात टाकून बंद केली आणि उतरून मागच्या चाकाखाली दगड लावला. ट्रॅक्टरवाला येऊन म्हणाला, "पंप गेला हिचा. मेकॅनिक बलवा." बाबा खाली उतरले नाहीत. काचेतून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना विचारावं असं फार वाटलं, पण विचारलं असतं तर पुढची चार वर्षंही तो पाय चटईवरच राहिला असता.

म्हणून मी पुन्हा गाडी सुरू करून नुसती ऐकली. पाय न देता नीट चालत होती. पाय दिला की गुदमरत होती. पंप गेलेली गाडी अशी वागत नाही. हिला श्वास मिळत नव्हता. बोनेट उघडून लाल फिल्टर हातात घेतला तर तो लाल राहिलाच नव्हता. जाळीवर सोयाबीनच्या भुशाचा थर, आणि तो थर पापडासारखा कडक. नाकाशी नेला. जवस.

मान खाली घालून काचेशी गेले. "बाबा, पोळ्याले मी ह्याले जवसाचं तेल लावलं होतं. चूक माझी हाये."

त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं. मी मोठ्यानं बोललेही नव्हते. "आता काय करतं?" एवढंच म्हणाले.

"जुना डबा बसवतो."

सीटमागून गोणपाट काढलं, दहाचा पाना घेतला. डब्यातला कागदी फिल्टर गुडघ्यावर आपटून झटकला, डबा जागेवर बसवला, पट्ट्या आवळल्या. ट्रॅक्टरवाल्याचा धीर संपायच्या आत काम झालं. मग खरी परीक्षा. पूर्ण भरलेली गाडी, अर्धा चढ, मागे ट्रॅक्टर. क्लच हळूच उचलत आणला, गाडीचं नाक जरा वर आल्याबरोबर हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरसुद्धा मागे सरकली नाही. चाकाखालचा दगड होता तिथंच राहिला. दुसऱ्या गिअरमध्ये, काहीही आवाज न करता, आम्ही वर आलो.

काहीतरी बोलावं म्हणून बाबांकडे पाहिलं. डॅशबोर्डवरचा तळवा घसरून मांडीवर पडला होता. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. उजवा पाय सैल पडला होता. घोरत होते. माझे डोळे भरून आले आणि मी स्वतःवरच ओरडले, रस्त्याकडे बघ म्हणून. महागावपर्यंतचा एकेक खड्डा मी असा चुकवला की तसा जन्मात चुकवला नसेल.

अजूनही कोणी विचारतं, बाहेरचा फिल्टर बसवू का? मी सांगते, हौस असेल तर बसव, आवाज झकास येतो. पण भुशाच्या, कापसाच्या भागात माल वाहत असशील तर कंपनीचा डबाच बरा. आणि जवसाचं तेल फळ्यांना लाव.

त्या दिवशी महागावला काट्यावर गाडी लावली तर नेहमीचाच हमाल आला. माझ्यावरून नजर फिरवून त्यानं बाबांच्या काचेवर टकटक केली. "ओ ड्रायव्हर, गाडी थोडी पुढं घ्या."

बाबांनी एक डोळा उघडला. "ड्रायव्हर तिकडं बसली हाये," ते म्हणाले. "मी सवारी हावो." आणि परत डोळा मिटला.

मी गाडी पुढे घेतली.