वफ्राची हरणं आणि आमचा ताशा

माझ्यामुळे आमच्या मराठी मंडळाचं सहलीचं शेत गेलं, आणि ज्या बायका माझ्याकडून पुरणपोळ्या करवून नेत त्या वर्षभर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बोलू नका म्हटलं. पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

नव्वदच्या दशकात, आखातात नोकरीला असताना, आमची हिवाळ्यातली सहल वफ्राच्या एका शेतावर ठरलेली असे. तिथल्या मोठ्या कुंपणात मालकाने हरणं पाळली होती. फाटकाशी पोचलं की मुलं हॉर्न वाजवायला लावत आणि हरणं धावत जाळीशी येत. हलव्याच्या गाजरांची सालं नि देठ आम्ही त्यासाठी मुद्दाम राखून ठेवायचो. माझी मुलगी तळहातावर भरवायची. एक कान फाटलेली हरणी तिची खास लाडकी होती.

शेत फुकट मिळे ते तिथल्या शिकारी गाईडमुळे. हा मुंबईत वाढलेला, बोलायला गोड. हौशी श्रीमंतांना तो आफ्रिकेत मोठ्या जनावरांच्या शिकारीला नेई आणि आम्हाला मारलेल्या सिंहांशेजारचे आपले फोटो दाखवी. एका शुक्रवारी हरणं कमी दिसली, फाटक्या कानाची तर दिसलीच नाही, म्हणून मी त्याला विचारलं.

"आफ्रिकेला न्यायच्या आधी पाहुण्यांचा बंदुकीवर हात इथेच या हरणांवर बसवतो, वहिनी," तो म्हणाला. "पूर्वी जनावर बुजायचं, पाहुणा वैतागायचा. आता हॉर्न दिला की समोर हजर. तुमच्या पोरांनी माझं काम सोपं केलं बघा."

हे तो कौतुकाने सांगत होता. माझ्या हातात सालांची पिशवी होती, ती मी तशीच गाडीत नेऊन ठेवली.

मंडळाच्या बैठकीत विषय काढला तर मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

"तुम्ही मटण खाता ना?" एकाने विचारलं.

"खाते. आवडीने खाते. पण माझा खाटीक भिंतीवर बोकडाशेजारी उभं राहिल्याचा फोटो लावत नाही."

हरणं मालकाची, बंदूक परवान्याची, आपण परक्या देशात कशाला नाक खुपसायचं, हेही झालं. मग एक वयस्कर इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "रानात गोळी लागलेलं जनावर तडफडत पळतं. इथे जवळून एका गोळीत जातं. त्यातल्या त्यात हेच दयेचं नाही का?"

असेलही. पण हरणांना बोलावणारा हात माझ्या लेकीचा होता, आणि तो मी त्या माणसाला वापरू देणार नव्हते. तसं मी बोलले. त्यावर पुढच्या सहलीच्या मेनूची चर्चा सुरू झाली.

"अकाम्याच्या परवान्यावर राहणारी माणसं आपण," घरी येताना नवरा म्हणाला. "उद्या कुणी तक्रार केली तर नोकरी गमावून परत जावं लागेल. गप्प बसायला शीक."

"नाही बसणार."

मंडळाचा गणपतीतला ताशा आमच्याच घरी असायचा. पुढच्या शुक्रवारी मी तो गाडीत ठेवला. नवरा किल्ली घेऊन स्टिअरिंगवर बसला. मुलगी मागे गाजरं घेऊन बसली होती, तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

फाटकाशी नवऱ्याने हॉर्न दिला. हरणं नेहमीसारखी धावत आली. अगदी जाळीशी येईपर्यंत मी थांबले, आणि मग ताशा असा बडवला की मिरवणुकीतही कधी बडवला नसेल. हरणं एकमेकांवर आदळत, धूळ उडवत पळाली. जरा वेळाने पुन्हा हॉर्न. भोळी जनावरं, काही परत आली. पुन्हा ताशा. दुपारपर्यंत आमचं हेच चाललं.

तेव्हा कुठे गाईड शेतावर पोचला, तो धावतच आला. "वहिनी, हे काय चालवलंय?"

"जनावर बुजवतेय."

"पुन्हा या शेतावर पाय ठेवायचा नाही," तो म्हणाला. "तुमच्यातल्या कुणीच." आणि मालकाला फोन करायला आत गेला.

गाडीपाशी मुलगी रडत उभी होती, गाजरं पायाशी सांडलेली. "दे ट्रस्टेड अस, आई," ती म्हणाली. "यू आर हॉरिबल."

तिचं खरं होतं. मी तिला जवळ घेतलं नाही, कारण काड्या अजून हातात होत्या. नवऱ्याला म्हटलं, आणखी एकदा हॉर्न दे. त्याने दिला, चांगला लांब.

जाळीशी कुणी आलं नाही.