चार कोपऱ्यांची हळद

सुप्रभा आमच्या कॉलेजात सहा वर्षं तात्पुरती होती. या सहा वर्षांत दोन प्राचार्य बदलले, कँटीनचे तीन कंत्राटदार पळाले, वसतिगृहामागे लावलेली शेवग्याची फांदी झाड होऊन शेंगांनी लगडली, पण सुप्रभाचं तात्पुरतेपण जागचं हललं नाही. मी वासुकी, त्याच कॉलेजची ग्रंथपाल. माझी नोकरी कायम होती, त्यामुळे तिच्या वतीने रागावणं मला परवडत असे, आणि ते काम मी मन लावून केलं.

आमचं कॉलेज तंजावूरहून तिरुच्चीला जाणाऱ्या रस्त्यावर. नव्वदनंतर या भागात इंजिनिअरिंगची खासगी कॉलेजं निघाली, त्यांपैकी एक. सुप्रभा तंजावूरच्या मेलवीथीतून, म्हणजे पश्चिमेच्या गल्लीतून, टीव्हीएस मोपेडवर यायची. तिचे वडील व्यंकोजी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत. घरात आमची तंजावरी मराठी, दारात तमिळ, कॉलेजात इंग्रजी, अशी आम्हा सगळ्यांचीच रीत. सुप्रभा गणितात बी.एस्सी. झाली, मग बसस्टँडजवळच्या एका संस्थेत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि लॅब असिस्टंट म्हणून चिकटली. कॉलेजला ईमेल आलं तेव्हा ते चालवायचं कोणी, यावर प्राध्यापकांनी कानांवर हात ठेवले. सुप्रभाने एक जाडजूड पुस्तक माझ्याकडून नेलं, चार वेळा मुदत वाढवून घेतली आणि मेल सर्व्हर उभा केला. दंड मी लावला नाही. माझ्या आयुष्यातला तो एवढाच भ्रष्टाचार.

मग दोन हजार तीन साल आलं आणि कचरा येऊ लागला. गोळ्या, लॉटऱ्या, घड्याळं, कुठल्याशा परदेशी राजपुत्राची अडकलेली संपत्ती. एकेका प्राध्यापकाला दिवसाला दोनशे-दोनशे पत्रं. आमची इंटरनेटची लाइन आधीच रडकी, तिच्यात हा लोंढा शिरला की विद्यापीठाची परिपत्रकं दुसऱ्या दिवशी पोचायची. स्थापत्यशास्त्राचे सूर्यनारायण सर एकदा वर्ग सोडून लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "सुप्रभा, मज टक्कल आहे हे त्या लोकांस कोणी सांगिटलं?"

सुप्रभाने एक फुकट मिळणारा फिल्टर बसवला. तो प्रत्येक पत्राला गुण देतो, असं तिने मला समजावलं. मथळा सगळा मोठ्या अक्षरांत असला तर थोडे गुण, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आकडे असले तर थोडे, पार्श्वभूमीत मिसळून जाणारी अक्षरं असली तर बरेच. बेरीज पाचावर गेली की पत्र कचऱ्याच्या पेटीत. तिथे तीस दिवस राहतं आणि आपोआप पुसलं जातं. परीक्षेपेक्षा हे उलटं, मी म्हटलं, इथे गुण मिळाले की नापास.

पहिल्या आठवड्यात त्या फिल्टरने विद्यापीठाची चार परिपत्रकं खाल्ली, कारण आमचं विद्यापीठ मोठ्या अक्षरांतच बोलतं. सुप्रभाच्या नाकी नऊ आले. विद्यापीठाचा पत्ता तिने विश्वासाच्या यादीत घातला. चांगली दोनशे पत्रं आणि वाईट दोनशे पत्रं वेगळी करून फिल्टरला शिकवली. एकदा दोन्ही ढीग उलटे शिकवले गेले, तेव्हा दोन दिवस फक्त लॉटऱ्याच पोचत होत्या. तेही तिने निस्तरलं. शिवाय रोज सकाळी कचऱ्याच्या पेटीतले मथळे ती स्वतः डोळ्यांखालून घालायची, सुपात तांदूळ घेऊन खडे वेचावेत तसं. फक्त इथे खड्यांतून तांदूळ वेचायचे. पत्र उघडायची नाही, मथळ्यावरून शंका आली तरच.

आमच्या कॉलेजचे सेक्रेटरी बाळकृष्णराव. आमच्यातलेच, पण कॉलेजात ते फक्त सर. त्यांचा स्वभाव असा की त्यांच्या खोलीबाहेरचा शिपाईसुद्धा दबक्या आवाजात खोकायचा. त्यांना हा फिल्टर मुळीच पसंत नव्हता. चेन्नईची एक कंपनी सगळं मेल सांभाळायला तयार होती. त्यांनी सुप्रभाला बोलावून सांगितलं, "दसऱ्यानंतरच्या सोमवारी समितीची बैठक आहे. तुझ्या कायम होण्याचा विषय मी ठेवला आहे. पण तोपर्यंत एक जरी चांगलं पत्र हरवलं, तर हे काम चेन्नईला जाईल. मग तुझी गरज उरणार नाही."

ती परत आली तेव्हा मीच जास्त चिडले होते. ती म्हणाली, "अक्का, एकही हरवणार नाही." तिने ते इतकं शांतपणे म्हटलं की मलाही खरं वाटलं.

पण ऑगस्ट-सप्टेंबरात प्रवेश आले, नवीन लॅब आली, साठ मशीन जोडायची होती. फिल्टर गुणी मुलासारखा वागत होता. सुप्रभाने रोजचं वेचणं आधी दिवसाआड केलं, मग आठवड्यावर नेलं, मग सहा आठवडे पेटी उघडलीच नाही. मी विचारलं असतं तर तिने केलं असतं. मी विचारलं नाही.

विजयादशमी त्या वर्षी रविवारी होती. आदल्या शुक्रवारी दुपारी ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "अक्का, जरा येता?"

लॅबमध्ये तिने पडद्यावर एक पत्र दाखवलं. बैठकीआधी म्हणून तिने कचऱ्याची पेटी उघडली होती, त्यातलं, पंधरा दिवसांपूर्वीचं. बाळकृष्णरावांना आलेलं. मथळा मोठ्या अक्षरांत, 'शुभम्'. आतला मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आपली मराठी, तीही सगळी मोठ्या अक्षरांत. फिल्टरने खाली हिशोब दिला होता. मथळ्याचे नऊ दशांश, मजकुराचे एक पूर्णांक आठ, पत्त्यातल्या आकड्यांचे सात दशांश. आणि लपवलेल्या अक्षरांचे दोन पूर्णांक सहा. एकूण सहा.

"लपवलेलं काय आहे यात?" मी विचारलं. पान तर पांढरं स्वच्छ होतं.

सुप्रभाने माउस दाबून पानभर फिरवला. चारही कोपऱ्यांत एकेक शब्द उमटला. शुभम्, शुभम्, शुभम्, शुभम्. फिकट पिवळ्या रंगात, म्हणून पांढऱ्यावर दिसत नव्हता. आम्हा दोघींना ते लगेच कळलं. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. आमच्याकडे शुभ कार्याच्या पत्राला चार कोपऱ्यांत हळद लावतात. हळदीविना कोरं पत्र आलं तर उघडण्याआधीच घरात विचारतात, कोण गेलं म्हणून. जिने हे लिहिलं होतं, तिला ईमेललाही हळद लावायची होती.

लिहिणारी होती गंगाबाई, बाळकृष्णरावांची थोरली बहीण. तिरुवैयारुला राहणारी, वीणा शिकवणारी. चार वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हा बाळकृष्णराव तिला न्यायला गेले होते. एकटी राहू नकोस, तंजावूरला चल. तिने नाही म्हटलं, शिष्या सोडून येणार नाही. ते म्हणाले, "तर मग तुज भाऊ नाही असं समज," आणि गाडीत बसले. हे सगळ्या मेलवीथीला ठाऊक होतं. त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

पत्र असं होतं: 'बाळू, अम्माची वीणा दुरुस्त होऊन आली. नव्या तारा चढवल्या. विजयादशमीस सकाळी नऊला अकरा मुली नव्याने शिकायला बसतात. त्यांच्यासमोर तीच वीणा वाजवणार आहे. तू येऊन बस. गोकुळाष्टमीलाही तुज लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. या खेपेसही नाही आलास तर तुझा राग जिवंत आहे असं समजेन, आणि पुन्हा लिहिणार नाही. अक्का.'

सुप्रभाने गोकुळाष्टमीचं पत्र शोधलं. ते नव्हतं. तीस दिवस उलटले होते आणि तिनेच लावलेल्या नियमाने ते पुसून गेलं होतं.

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "हे पत्र गुपचूप सरांच्या पेटीत सरकव. आत्ता आलं असं वाटेल. सोमवारी बैठक आहे, सुप्रभा."

"सर मेल सोमवारी उघडतात," ती म्हणाली. "विजयादशमी रविवारी."

"मग छापून सरांच्या टपालात घाल."

ती म्हणाली, "आणि पहिलं पत्र? ती बाई जन्मभर समजेल की भावाने वाचून टाकून दिलं. ते अडवलं कोणी हे कोणी तरी सांगायला हवं कां नको?"

मला तिचा राग आला. सहा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट तीन दिवसांवर आली होती आणि ही पोर ती आपल्या हाताने लोटायला निघाली होती. तसं मी तिला बोललेही. तिने ऐकून घेतलं आणि प्रिंटर सुरू केला.

लॅबचा प्रिंटर काळाच छापायचा. कागद बाहेर आला आणि कोपऱ्यांत पिवळ्याच्या जागी राखाडी ठिपक्यांचे पुसट डाग दिसले. सुप्रभाने कागद पाहिला आणि खाली ठेवला. "असं नाही देता यायचं," म्हणाली आणि उठून मेसकडे गेली. मीही मागोमाग. स्वयंपाकीण नागलक्ष्मी सांबाराला फोडणी देत होती. हळद कशाला हवी हे ऐकून तिने विचारलं, लग्न कोणाचं? सुप्रभा म्हणाली, लग्न नाही, पण शुभच. नागलक्ष्मीने वाटीत हळद काढून दोन थेंब पाणी घातलं. सुप्रभाने बोट बुडवून चारही कोपऱ्यांना लावलं. एक कोपरा जरा जास्तच माखला.

बाळकृष्णरावांच्या खोलीत मीही शिरले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण ग्रंथपालाला लोक कुठेही जाऊ देतात, पुस्तक मागायला आली असेल असं वाटतं. सुप्रभाने कागद टेबलावर ठेवला. सर आधी हळदीकडेच पाहत राहिले. मग चष्मा लावून वाचू लागले. एवढंसं पत्र, पण त्यांना फार वेळ लागला.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवसांचं, सर. फिल्टरने अडवलं. रोज पाहायचं काम माझं होतं. सहा आठवडे मी पाहिलं नाही."

"आणि गोकुळाष्टमीचं?"

"तेही अडवलं होतं. आता ते नाही, पुसून गेलं. अक्कांस तुम्ही सांगा, सर. नाही तर मी जाऊन सांगते. चूक माझी."

मी मनातल्या मनात तिचा निरोपसमारंभ उरकून घेतला. सरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. म्हणाले, "दोन महिने मी तिच्याच पत्राची वाट पाहत होतो. राजमने मला सांगितलं होतं, अक्का ईमेल शिकते आहे म्हणून." राजम म्हणजे त्यांची बायको. "म्हणून तर मी ते दर सोमवारी उघडायला लागलो. नाही तर मला त्या डब्याची काय गरज?"

मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. रविवारची वाट न पाहता ते त्याच संध्याकाळी तिरुवैयारुला गेले. सुप्रभाशी मात्र दुसरा एक शब्दही बोलले नाहीत.

रविवारी गंगाबाईंनी आम्हा दोघींनाही बोलावलं. बाळकृष्णराव मुलींच्या मागे चटईवर मांडी घालून बसले होते. गंगाबाई वीणा वाजवत होत्या आणि हे महाशय चुकीचा ताल धरत होते. नंतर गंगाबाईंनी सुप्रभाला जवळ बसवून विचारलं, "माझं पत्र त्या यंत्रास वाईट कां वाटलं?" सुप्रभाने सगळं सांगितलं. मोठ्या अक्षरांचं ऐकून त्या म्हणाल्या, "बटनांवर मोठींच छापलीत की. धाकटी कोठें आहेत?" ब्राउझिंग सेंटरात पिवळा रंग शोधायला त्यांना तीन दिवस लागले होते. ती पिवळी अक्षरं दिसत नाहीत हे त्यांना माहीत होतं. हळद पत्राला लावायची असते, वाचायची नसते, असं त्या म्हणाल्या.

सोमवारची बैठक मंगळवारवर गेली, मग गुरुवारवर. सुप्रभा रोज सकाळी पेटी वेचत होती. फिल्टरमध्ये तिने एक नवा नियम लिहिला. पत्राच्या चारही कोपऱ्यांत पिवळं असेल तर तीन गुण वजा. जगातल्या दुसऱ्या कुठल्या सर्व्हरवर हा नियम असेल असं मला वाटत नाही. चेन्नईच्या कंपनीचा माणूस येऊन खोली पाहून गेला, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती मात्र त्याला यादी दाखवत होती, कुठलं पत्र का अडतं ते. मी गेलेच तर यांना हे माहीत असावं, असं तिचं म्हणणं.

शुक्रवारी शिपाई ग्रंथालयात एक पाकीट घेऊन आला. सुप्रभा तिथेच होती, पुस्तकाची मुदत पाचव्यांदा वाढवून घेत होती. पाकीट तिच्या नावाचं. ती ते फोडेना, तेव्हा मीच तिच्या हातातून ओढून घेतलं आणि कागद काढला. कॉलेजचा छापील कागद, खाली सेक्रेटरींची सही. मजकूर वाचायची मला गरज पडली नाही. चारही कोपऱ्यांना हळद लावलेली होती.