बाबांनी काढलेली लढाई

मित्रांनो, आज आमच्या अमडापूरच्या घरी बाबा पहिल्यांदा मनातलं बोलले.

बाबा माजी सैनिक. बोंडअळीने कपाशी खाल्ल्यापासून गप्पच होते. युद्धातून वाचलेल्या एकाने स्वतःवर काढलेलं कॉमिक मी त्यांना वाचायला दिलं. मग तेही आपली लढाई चित्रांतून काढू लागले.

आज आईने ती पानं पाहिली. बंकरमध्ये रडणारे बाबा बघून म्हणाली, "सुट्टीवर आले तवा तं मजेत हाय म्हनत होते तुमी!"

"तुले काऊन भेव दाखवू? घाबरली असती तू," बाबा म्हणाले.

"अन् आता? कपाशी गेल्याचं भेव वाटते?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. "हाव."

"मंग तेही काढा. मी बसते इथंच."

बाबांनी पेन्सिल उचलली.

तुमच्या घरी कोण गप्प आहे? त्यांना विचारलंत कधी?