आक्कानं कोल्हापूरहून आणलेली पुस्तकं

चुकीची पुस्तकं आणणारी माझी आक्का काल दुपारी गेली.

बेळगावच्या हॉस्पिटलमध्ये. फार त्रास झाला नाही.

सकाळपासून फोन येतायत. "कष्टाळू होती हो," असं सगळे म्हणतात. होतीच. पण ती हुशार होती हे कुणी म्हणत नाही, म्हणून हे लिहितेय.

१९८० च्या आसपासची गोष्ट. आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहायचो. आक्का माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. आप्पा गेले तेव्हा ती सातवीत होती. शाळा सुटली आणि मांडीवर विड्या वळायचं सूप आलं. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत जायची.

घरात शाळेला जाणारी मी एकटी. त्यामुळे तिघींचं शिक्षण माझ्याच डोक्यावर.

मी दहावीत गेले. कर्नाटकातली मराठी शाळा. पुस्तकं यायची ती रुसलेल्या जावयासारखी. जून गेला, जुलै गेला, पत्ता नाही.

आक्काला दम निघेना. एक दिवस काम बुडवून ती एसटीनं कोल्हापूरला गेली. एवढ्या लांब एकटीनं जायची तिची ती पहिलीच वेळ.

दुकानात सांगितलं, "धावी. मराठी मिडियम. सगळी पुस्तकं द्या."

संध्याकाळी नवीकोरी पुस्तकं घेऊन आली. आईनं त्यांना हळदकुंकू लावलं.

मी वरचं पुस्तक उघडलं.

महाराष्ट्राचं.

माझी परीक्षा कर्नाटकची, एसएसएलसी. सिलॅबस वेगळा, धडे वेगळे. अशी चूक करावी तर आम्ही सीमाभागातल्या लोकांनीच. भाषा बरोबर, राज्य चुकलं.

"बरी हाईत न्हवं?" आक्का विचारत होती.

तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मी म्हटलं, "लई बरी हाईत गं."

झालं. तिथं जे खोटं बोलले ते वर्षभर निस्तरलं.

वर्गातल्या सुमनकडं तिच्या भावाची जुनी, बरोबर पुस्तकं होती. मधल्या सुट्टीत मी ती मागून घ्यायचे आणि वहीत उतरवून काढायचे. माझा खरा अभ्यास तो.

घरी मात्र वेगळीच शाळा.

विड्या वळताना हात अडकलेले असतात, कान मोकळे. आमच्याकडं बायका वळायला बसल्या की कुणीतरी गोष्ट सांगायचं, कुणी गाणं म्हणायचं. आक्का म्हणाली, "तू धडं वाच. मोठ्यानं वाच. तुजाबी अभ्यास हुईल."

मग रोज शाळा सुटली की मी घराच्या पुढच्या सोप्यात बसून ती चुकीची पुस्तकं वाचायची. इतिहास, भूगोल, विज्ञान. माझ्या काही कामाचं नव्हतं. आक्काचं मन मोडू नये म्हणून घसा कोरडा करायचा.

ती पान कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायची. वर बघायची नाही.

मध्येच म्हणायची, "त्ये परावर्तनाचं परत वाच."

आतून आई विचारायची, "काय असतंय गं त्ये?"

"आरशात तोंड दिसतंय न्हवं, त्ये," आक्का सांगायची. मला ते इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

मी पास झाले. पेढे वाटून झाल्यावर मला राहवेना. आक्काला खरं सांगून टाकलं. पुस्तकं चुकीची होती, मी तुला फसवलं.

तिनं हातातली विडी पुरी केली.

"ठावं हाय मला."

"कधीपास्नं?"

"पयल्या आठवड्यातच. तुजी वही बघितली. ह्यातला एकबी धडा त्यात न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू वाचायचं थांबवलं असतंस."

मला इतका राग आला. मी तिचं मन सांभाळत होते आणि ही बाई आठ महिने बसून माझ्याकडून शिकून घेत होती.

"मग जा, तूच बस परीक्षेला," मी तणतणले.

आक्का हळूच म्हणाली, "बाहेरनं बसता येतंय काय गं?"

येत होतं. महाराष्ट्रातल्या कागलच्या मामाचा पत्ता घालून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. आता तिच्यासाठी पुस्तकंही बरोबर होती आणि राज्यही.

सगळे विषय सुटले, गणित सोडून. गणित कानानं येत नाही. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा तिचं लग्न झालं होतं आणि थोरला पोटात होता.

त्यानंतरही तिनं विड्याच वळल्या. ते सर्टिफिकेट तिला कुणी कधी मागितलं नाही. मला ह्याचं आजही वाईट वाटतं, आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

ती म्हणायची, "न्हाय मागितलं तर ऱ्हायलं. हाय ते हाय."

मी पुढं मास्तरीण झाले. मागच्या बाकावर एखादी मुलगी वही न उघडता नुसती ऐकत बसलेली दिसली, तर तिला मी कधी ओरडले नाही.

शेवटी आक्काला दिसायचं बंद झालं होतं. हॉस्पिटलात मी रोज तिला पेपर वाचून दाखवायची. झोप लागली असेल म्हणून थांबले की डोळे मिटूनच विचारायची, "का थांबलीस?"

काल दुपारी मी थांबले.

तिनं विचारलं नाही.

नर्सला बोलवायच्या आधी मी ती बातमी शेवटपर्यंत वाचली. मोठ्यानं.

आक्का, नमस्कार करते गं.